मोशीच्या पुलावरची बंदी

कांदा भरायला पुण्याहून चाकणला जाणाऱ्या लॉरीला मोशीच्या पुलावर कुणी अडवत नव्हतं. अडवत होते ते मला. मी पहिलटकरीण होते, दिवस भरत आले होते आणि मला बाळंतपणाला माहेरी जायचं होतं. एवढंच माझं मागणं. त्यासाठी माझ्या बापाला सरकारच्या हुकमाविरुद्ध कोर्टात उभं राहावं लागलं. आज हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. तेव्हा माझ्यावर काय बेतलं होतं ते मला ठाऊक.

सत्तावन्न सालची गोष्ट. तापाची मोठी साथ आली होती. साऱ्या जगात आलीय, आगबोटीतून मुंबईला उतरली आणि रेल्वेत बसून पुण्याकडे आली, असं लोक म्हणायचे. वर्तमानपत्रात तिला इन्फ्लुएंझा म्हणत. चिंचवडात आमच्या आळीत कुणाची जीभ तेवढी वळायची नाही, आम्ही नुसतं 'तो ताप' म्हणायचो. सकाळी हिंडता-फिरता माणूस दुपारी अंग मोडून पडायचा. हाडं ठणकायची, घसा बसायचा, खोकून खोकून बरगड्या भरून यायच्या. बहुतेक जण आठवड्याच्या आत उठायचे, भिंतीला धरून का होईना. पण सगळे उठत नव्हते. आमच्या वरच्या आळीत एक गरोदर बाई होती, माझ्याहून थोडी पुढची. आडावर भेटलो की आम्ही एकमेकींच्या पोटाकडे बघून हसायचो. ती तापात गेली, पोटातल्या जिवासकट. त्या दिवसापासून मी आडावर जायचं सोडलं. शेजारी कुणी खोकलं तरी माझ्या अंगावर काटा यायचा, आणि रात्रंदिवस कुणी ना कुणी खोकतच होतं.

सासरी आम्ही तिघंच. आमचे हे पिंपरीला नव्यानं निघालेल्या एका कंपनीत होते, सायकलवर जायचे-यायचे. दुसऱ्या माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. साथ आळीत शिरली तशी आमच्या घरात पहिल्या त्याच पडल्या. मला त्यांच्या खोलीत जायची बंदी त्यांनीच घातली. "आत पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन," असं तापात बडबडत असतानाही मला बजावायच्या. मी उंबऱ्याबाहेरून पेज सरकवायची. आळीतली सुईण, जिच्या हातून निम्मं चिंचवड जन्माला आलं होतं, तीही पडली ती उठेचना. म्हणजे बघा, माझी वेळ आली असती तर माझ्याजवळ बसायला धड माणूस नव्हतं. मी दिवसातून दहादा स्वतःच्या गळ्याला हात लावून बघायची, गरम लागतंय का. उन्हातून आल्यावर लागायचंच गरम. मग माझ्या तोंडचं पाणी पळायचं.

आणि माझी आई इंद्रायणीच्या पलीकडे, चाकणच्या अलीकडच्या खेड्यात, धडधाकट बसलेली. आमच्या भावकीतल्या कितीतरी बाया आईच्या हातून मोकळ्या झाल्या होत्या. पायाळू मूलसुद्धा तिनं सुखरूप काढलेलं होतं. शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. सातव्या महिन्यात ओटी भरायची, मग बापानं बैलगाडी घेऊन यायचं आणि लेकीला न्यायचं. आमच्याकडे यात कुणी कुणाला विचारत नाही, सांगत नाही. उन्हाळ्यानंतर पावसाळा यावा तसं ते होतं. माझी ओटी भरून झाली होती. लुगडी, दुपटी बांधून गाठोडं तयार होतं. बापाची वाट बघायची बाकी होती.

तेवढ्यात हुकूम निघाला. प्रांतसाहेब म्हणजे आमच्या भागाचे मोठे अधिकारी, त्यांना मॅजिस्ट्रेटचे अधिकारही असायचे. त्यांनी जाहीर केलं की इंद्रायणीच्या अलीकडे, हवेली तालुक्यात ताप फार आहे, पलीकडे खेड तालुक्यात अजून पोचलेला नाही. म्हणून साथ ओसरेपर्यंत मोशीचा पूल ओलांडून कुणीही खेडात शिरायचं नाही. यातून वगळलं कुणाला? टपाल, सरकारी जीप, कंपनीच्या मोटारी आणि चाकणच्या बाजारात माल भरायला जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या लॉऱ्या. दवंडी पिटणाऱ्यानं हे आमच्या दारात उभं राहून सांगितलं, आणि सांगता सांगता खोकला. मी दार लावून घेतलं आणि दाराला पाठ लावून रडले.

माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबा दुसऱ्याच दिवशी गाडी जुंपून पुलापर्यंत आले. पुलावर एक हवालदार बसवलेला होता. त्यानं समजावून सांगितलं, लेकीला घेऊन परत येता येणार नाही, हुकूम आहे. आबा म्हणाले, "माझ्या लेकीला माझ्या घरी न्यायला हुकूम कशापायी?" हवालदार म्हणाला, "मला काय इचारता, साहेबाला इचारा." झालं! आबांना तेवढंच पाहिजे होतं. भावकीतल्या एकानं बांध कोरला म्हणून ते वर्षानुवर्षं खेडच्या कोर्टात खेटे घालत होते, आणि खरं सांगू, त्यांना त्याची गोडी लागली होती. कोर्टाच्या पायरीवर बसून भाकरी खाल्ल्याशिवाय त्यांना आठवडा गेल्यासारखा वाटायचा नाही. पुलावरूनच त्यांनी बैल वळवले आणि थेट खेडला आपल्या वकिलाकडे गेले.

मला त्यांचं कार्ड आलं. मोडक्या अक्षरात लिहिलं होतं, काळजी करू नये, कोर्टात अर्ज दिला आहे. मी ते वाचून कपाळावर हात मारला. बांधाचा दावा माझ्या लग्नाआधीपासून चालला होता आणि अजून चालूच होता. माझं पोट काय इतकी वर्षं थांबणार होतं?

वकिलांनी त्यांना सांगितलं होतं की सरकारवर दावा ठोकायला गेलात तर हायकोर्टात, मुंबईला जावं लागेल, तोवर नातू शाळेत जायला लागेल. त्यापेक्षा कायद्यात एक सोय आहे. अशा हुकमानं ज्याचं नुकसान होतं, त्यानं त्याच साहेबासमोर जाऊन तो बदलून मागायचा, आणि साहेबानं त्याचं म्हणणं ऐकून घ्यायलाच पाहिजे. आबांना हे पटेना. "ज्यानं बांध कोरला त्याच्याच दारात फिर्याद न्यायची म्हंता?" पण वकील म्हणाले तीच वाट आहे, तेव्हा आबा तयार झाले.

पहिली तारीख पडली. साहेब साथीच्या दौऱ्यावर गेले होते, पुढची तारीख मिळाली. पुढच्या तारखेला साहेबांनाच ताप भरला होता. हात्तिच्या! मला हे कार्डावर कळलं तेव्हा मी हसले, आणि हसता हसता पोटात कळ आली तशी घाबरून खालीच बसले. ती खरी कळ नव्हती. पण किती वेळ मी भुईला हात टेकून तशीच बसून राहिले, श्वाससुद्धा जपून घेत. आत्याबाई आतून विचारत होत्या, "काय झालं गं?" आणि मी म्हणत होते, "काही नाही, काही नाही."

आमच्या ह्यांचाही जीव टांगणीला लागला होता, पण हे माणूस तसं अबोल. एक दिवस कंपनीतून आले ते एक बेत घेऊनच. पुण्याच्या एका लॉरीवाल्याशी त्यांनी बोलणं केलं होतं. तो चाकणला कांदा भरायला जात होता. मला केबिनमध्ये खाली बसवायचं, वर रिकामी पोती टाकायची आणि पूल पार करायचा. मी म्हटलं, "मी काय चोरीचा माल आहे?" पण मनातून गेले असते हो. पोत्याखालीच काय, पोत्यात बसून गेले असते. नदीला पाणी नसतं तर पाण्यातून चालत गेले असते. आम्ही दोघं गाठोडं घेऊन सडकेला जाऊन उभे राहिलो. लॉरी आली. दार उघडलं आणि ड्रायव्हर आधी पोटभर खोकला, मग म्हणाला, "या वहिनी, बसा." त्याचे डोळे लाल झालेले, गळ्याला मफलर. त्याच्या पायाशी पोत्याखाली मला जायचं होतं! मी म्हटलं, "मला नाही यायचं." हे म्हणाले, "अगं, एवढंच अंतर हाय." मी सडकेवरच भांडले. चारचौघांत नवऱ्याशी भांडलेली चिंचवडातली पहिली बाई मीच असेन त्या काळी. लॉरी निघून गेली, आणि तिला पुलावर कुणी काही विचारलंही नसेल. मी रागानं घरापर्यंत ह्यांच्या पुढे चालत आले.

मग साहेब बरे झाले आणि त्यांनी नवीनच खोडा घातला. अर्ज ऐकण्याआधी बाईला ताप नसल्याचा डॉक्टरचा दाखला आणा, म्हणाले. दाखला सरकारी दवाखान्यातलाच लागणार. आणि सरकारी दवाखान्यात कोण असणार? तापाचेच लोक! ओसरीवर, पायऱ्यांवर, झाडाखाली, जिथं बघाल तिथं माणसं गुडघ्यात माना घालून बसलेली. एक जण खोकायला लागला की दुसऱ्याला ढास लागायची. ताप नाही हे लिहून घेण्यासाठी मला त्या तापात जाऊन बसायचं होतं. मी पदर दुहेरी करून नाकाला लावला आणि पार टोकाला, उन्हात जाऊन उभी राहिले. एका म्हातारीला माझी दया आली, तिनं सरकून आपल्याजवळ जागा केली. "ये, बैस पोरी, उभी नको ऱ्हाऊस अशी." मी मान हलवली. तिला किती वाईट वाटलं असेल. पण मला तेव्हा कुणाचं वाईट वाटण्याची उसंत नव्हती. डॉक्टरांनी नाडी बघितली, जीभ बघितली, दाखला लिहिला आणि म्हणाले, "आता घरी जा आणि बाहेर पडू नका." अहो, तुमच्या दाखल्यासाठीच तर आले ना! ओठांवर आलं होतं, पण गिळलं. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. जरा नाक चोंदलं की वाटायचं, आला. घशात खवखवलं की वाटायचं, आलाच. मिठाच्या गुळण्या करकरून तोंड आलं.

सुनावणी अखेर झाली. मी तिथं नव्हते, पण आबांनी ती पुढं मला इतक्या वेळा ऐकवली की मीच पहिल्या बाकावर बसले होते असं वाटतं. वकील पहिल्यांदा घटनेवर बोलले. नवी राज्यघटना आली आहे, तिनं प्रत्येक माणसाला देशात कुठंही जायची मोकळीक दिली आहे, मग ही बाई स्वतःच्या बापाच्या घरी का जाऊ शकत नाही? साहेब म्हणाले, मोकळीक आहे, पण लोकांच्या भल्यासाठी तिला आवर घालता येतो, हेही तिथंच लिहिलं आहे. उद्या पलीकडे ताप गेला आणि माणसं मेली तर तुम्ही जबाबदारी घेणार का? वकील म्हणाले, मग लॉऱ्या कशा जातात? साहेब म्हणाले, बाजार बंद पडला तर लोकांनी खायचं काय? व्यापार थांबवून चालत नाही. तेव्हा वकील म्हणाले, "आणि बाळंतपण थांबवून चालतं का, साहेब?"

कोर्टात हशा झाला म्हणे. तेवढ्यात आबा उभे राहिले. कुणी बोलायला सांगितलं नव्हतं, तरी म्हणाले, "साहेब, लॉरीचा डायवर काय कांदा हाय व्हय? मानूसच हाय न्हवं? त्यो खोकत गेला तर चालतंय, आन् माझी लेक दाखला घिऊन आली तरी चालत न्हाई?" पट्टेवाल्यानं त्यांना खाली बसवलं. साहेब मात्र चिडले नाहीत. त्यांनी विचारलं, "तिच्या सासरीच बाळंतपण करायला काय अडचण आहे?" वकील म्हणाले, "साहेब, सासू तापात आहे, सुईण तापात आहे. आणि रिवाज आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, आईच्या हाताखाली होतं." साहेबांनी मान डोलावली. त्यांची बायकोही पहिल्या वेळी माहेरीच गेली होती, असं ते स्वतः म्हणाले. मग निकाल लिहून नंतर देऊ म्हणाले आणि उठले. आबा मला हे सांगताना दर वेळी इथं मांडीवर थाप मारायचे.

निकालाची वाट बघता बघता माझी वेळ आली. भरदिवसा, मी तांदूळ निवडत असताना. कळ आली आणि गेली नाही. ह्यांना आदल्याच दिवशी ताप भरला होता, ते पडवीत घोंगडी पांघरून पडलेले. मी आत्याबाईंना हाक मारली. त्या चार दिवसांपूर्वीच अंथरुणातून उठल्या होत्या, चालताना भिंत धरत होत्या. पदर खोचून आल्या आणि म्हणाल्या, "आता तुझी आई बी मीच आन् सुईण बी मीच. घाबरायचं न्हाई." मी किती घाबरले ते काय सांगू! मला वरच्या आळीतली ती बाई दिसत होती. मी आईच्या नावानं ओरडत होते आणि प्रत्येक वेळी आत्याबाई 'ओ' देत होत्या. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. लहानशी, काटकुळी. रडली, तेव्हा आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या आणि त्याही रडल्या.

वाटलं, सुटले. कसलं काय! पोरगी अंगावर ओढेचना. तोंडात घ्यायची, दोनदा चुटपुटायची आणि मान टाकून झोपायची. तिला कसं लावायचं ते मला कळत नव्हतं. आत्याबाईंना त्या दिवसाच्या श्रमानं पुन्हा ताप चढला, त्यांना विचारायची सोय उरली नाही. शेजारणी तापाच्या घरात पाय ठेवायला तयार नव्हत्या, आणि त्यांना तरी काय बोलणार, मीही ठेवला नसता. मी बोळ्यानं साखरपाणी घालायची आणि तिच्या टाळूकडे बघत बसायची. टाळू खोल गेल्यासारखी दिसायची. दिवसभर तिच्या नाकाखाली बोट धरून बसायची, श्वास लागतोय का बघायला. माझी छाती दगडासारखी भरून आलेली आणि लेक उपाशी. असा राग यायचा स्वतःचा, प्रांतसाहेबाचा, त्या मेल्या पुलाचा!

आणि मग आबांचं कार्ड आलं. जिंकलो! साहेबांनी हुकूम बदलला होता. मला एकटीलाच नव्हे, सगळ्यांनाच मोकळीक दिली होती. बाळंतपणासाठी माहेरी जाणाऱ्या गरोदर बाईला, ताप नसल्याचा दाखला असेल तर, पूल ओलांडून जाता येईल. आबांनी लिहिलं होतं, बाजाराच्या दिवशी मी आणि तुझी आई गाडी घेऊन पुलावर येतो, जावयांनी तुला तिथवर आणून सोडावं. पोरगी झाल्याचं आमचं कार्ड त्यांना अजून मिळालेलं नव्हतं.

सव्वा महिन्याच्या आत ओली बाळंतीण घराबाहेर काढायची नसते. आत्याबाईंनी अंथरुणातून मान उचलून एकदाच सांगितलं, "जा. पोर जगली पायजे." ह्यांचा ताप उतरून चार-पाच दिवस झाले होते, पण पायात जीव नव्हता. तरी त्यांनी कुणाची तरी बैलगाडी मागून आणली, तीत गवत पसरलं, वर गोधडी. कानाला फडकं बांधून, पोरीला पोटाशी धरून मी बसले. भोसरी मागं पडेपर्यंत मी तिच्या तोंडावरचं दुपटं सारखं बाजूला करत होते. वाटेत आमच्या मागून एक गाडी आली आणि पुढं गेली. तीत एक पोटुशी बसली होती, चांगली आठ-नऊ महिन्यांची, बरोबर तिचा भाऊ. ती माझ्याकडे बघून हसली.

आम्ही पुलाशी पोचलो तेव्हा हवालदार तिचाच दाखला बघत होता. बघितला, मान हलवली, ती गाडी खडखडत पलीकडे गेली. पलीकडच्या टोकाला आबा उभे होते, हातात हुकमाची नक्कल. त्यांच्यामागं गाडीत आई बसलेली. मला तिचं हिरवं लुगडं दिसलं.

हवालदारानं माझा दाखला वाचला, मग माझ्याकडे बघितलं, मग पोरीकडे. "बाई, हे गरवार बाईसाठी हाय."

"मग?"

"मग तुमचं झालंय की."

त्याला काही माझा छळ करायचा नव्हता, बिचारा ओशाळला होता. पण हुकमात लिहिलं होतं, बाळंतपणासाठी जाणारी गरोदर. मी बाळंतीण होते. आणि लेकरू तर कशातच नव्हतं. माझ्या बापानं भांडून आणलेला हुकूम होता तो, त्या हुकमानं एक बाई माझ्या डोळ्यांदेखत पलीकडे गेली होती, आणि मी अलीकडे. मी तोंडाला येईल ते बोलले. "तिला आत ढकलू का परत? म्हंजे सोडशील?" असंही म्हणाले. ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मी झिडकारला.

काय झालं ते आबांना ओरडून सांगावं लागलं. नात झाली हे त्यांना असं कळलं, पुलाच्या त्या टोकाला, ओरडून. क्षणभर हरखले, मग हुकमाची नक्कल उघडून वाचायला लागले, आणि वाचता वाचता खाली बसले. मग उठले. "वकिलाकडं जातो!" ओरडले. "नवा अर्ज देतो. बाळंतीण आन् लेकरू, दोघांचं नाव घालून!" हे म्हणाले, किती दिवस लागतील? हवालदार म्हणाला, साहेब परवा कँपवर येणार हायेत, तवा गाठा. पलीकडचा एक लॉरीवाला थांबून सल्ला द्यायला लागला. पुलाच्या दोन्ही टोकांवरून सगळे पुरुष एकमेकांशी ओरडून बोलत होते, अर्ज, तारीख, दाखला, साहेब. पोरगी हातात निपचित पडली होती. मी तिच्या तोंडाजवळ कान नेला, पण त्या गलक्यात मला काही ऐकू येईना.

मान वर केली तेव्हा आई पुलावरून चालत येत होती.

काखेत गाठोडं होतं. बाळंतपणासाठी जमवलेलं असणार, त्यातून शेवग्याच्या शेंगा डोकावत होत्या. आबा तिच्यामागं ओरडले, "अगं, कुठं निघालीस?" तिनं वळून बघितलं नाही. मधोमध आली तेव्हा हवालदार म्हणाला, "मावशे, तिकडून इकडं यायला मनाई न्हाई, पर एकदा आलीस तर मागारी जाता यायचं न्हाई, हुकूम उठंपातुर." "नगं की," आई म्हणाली आणि चालत राहिली.

"अगं, लेकीच्या सासरी ऱ्हाशील?" आबांनी तिकडून विचारलं. खरंच त्यांना धक्का बसला होता. आमच्यात लेकीच्या घरी आई मुक्कामाला येत नाही, बाळंतपण करायला तर नाहीच नाही. हवालदार म्हणाला, "इकडं यायाला मनाई कदी नव्हतीच, राव." आबांनी, वकिलानं, साहेबानं, माझ्या नवऱ्यानं, मी स्वतःसुद्धा, मला तिकडं कसं न्यायचं एवढाच विचार केला होता.

आई गाडीत चढली. पोरीला माझ्या हातातून घेतलं, तिचे पाय चोळले, बोटानं तिचं तोंड उघडून आत बघितलं. मग मला एका कुशीला कलतं केलं, पोरीचं डोकं असं धरलं, हनुवटी खाली दाबली आणि तिला लावलं. पोरगी ओढायला लागली. आवाज यायला लागला, घुटक-घुटक. मला ते सहन झालं नाही. सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी असा संताप आला की मी भरसडकेवर आईवर ओरडले. "इतके दिवस काय करत होतीस? सुईण नव्हती, मी मेले असते! चालत यायचं होतं तर आधी का नाही आलीस?"

आईनं पोरीच्या डोक्यावरचा हात काढला नाही.

"रोज मनात यायचं," ती म्हणाली. "पर तुझा बा म्हनायचा, कोर्टात चाललंय. मला कुनी इचारलंच न्हाई."